पंधरा किलो उतरले, पण आरशात दिसत नाहीत

एका ताईंनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, उंची १५८ सेंटिमीटर, नाशिकला शाळेत शिक्षिका, घरी दोन मुलं. चौदा महिन्यांत वजन ९४ वरून ७९ किलोवर आलं, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.३ वरून ५.७ झाली. पण गेले दहा आठवडे काटा जागचा हलत नाही. ठरवलं होतं लग्नातल्या ६२ किलोपर्यंत जायचं. आरशात अजून जुनीच मी दिसते. पोटाची आणि दंडाची कातडी सैल पडली आहे. शाळेच्या फोटोत मी मागे कुणाच्या तरी आड उभी राहते. सासूबाई म्हणतात, ‘चेहरा किती उतरलाय, आजारी दिसतेस.’ शेवटचं वाक्य प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्याच शब्दांत: ‘आता जिवावर येतं. एवढं करून मिळवलं काय?’

हे शेवटचं वाक्य मी माझ्याकडे वजन उतरवायला येणाऱ्यांकडून एकोणीस वर्षं ऐकते आहे, आणि ते जवळजवळ नेहमी पहिलं वर्ष सरल्यावरच येतं. सुरुवातीला कुणी असं विचारत नाही. तेव्हा दर आठवड्याला आकडा खाली येतो, कुर्ता सैल होतो, स्टाफरूममध्ये चार जणी ‘काय करतेस गं?’ म्हणून विचारतात. मग आकडा थांबतो, विचारणारेही थांबतात. मागे उरतं ते आपलं शरीर आणि त्याच्याकडे पाहायची आपली जुनी सवय. म्हणून तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टी मी आधी वेगळ्या करते. काटा अडकलाय त्याची कारणं वेगळी आहेत, नजर अडकलीय त्याची वेगळी. तुम्ही दुसरी गोष्ट पहिलीच्या दावणीला बांधून ठेवली आहे: ६२ आले की मी स्वतःला बरी दिसेन. तिथेच जीव थकतो.

आधी काटा. वजन उतरलं की शरीराचा रोजचा खर्च कमी होतो, हे बहुतेकांना माहीत असतं. लहान शरीराला कमी लागतं, तेवढंच. दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा काम करणारे संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मधुमेहाच्या एका औषधाच्या चाचणीतल्या माहितीवरून हिशेब मांडला. वजनातला एक किलो गेला की दिवसाचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी घटतो, पण भूक त्याच एका किलोमागे साधारण १०० कॅलरींनी वाढते. म्हणजे भुकेची ओढ खर्चातल्या घटीच्या तीन-चार पट असते. तुमच्या १५ किलोंना सरळ गुणाकार लावू नका, पण दिशा ध्यानात घ्या. त्याआधी २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दिसलं होतं की वजन उतरवून वर्ष झालं तरी भूक वाढवणारी आणि पोट भरल्याची खूण देणारी संप्रेरकं पूर्ववत झालेली नसतात. शरीराला ते ९४ किलो अजून आठवतात. दुपारी तीनला तुम्हाला जी सडकून भूक लागते, तिला हावरटपणा म्हणू नका.

आता याच नजरेनं ते दहा आठवडे बघा. सत्तर दिवस शरीर तुम्हाला वर ओढत होतं आणि तुम्ही ७९ वर पाय रोवून उभ्या होतात. सत्तर दिवस डबा नीट भरलात, चाललात, तिसरी पोळी नको म्हणालात. काट्यावर याचं काहीच दिसत नाही, कारण काटा फक्त उतरलेलं मोजतो. धरून ठेवलेलं मोजायची त्याला सोय नाही. माझ्याकडे येणाऱ्या किती तरी जणी याच टप्प्यावर ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात आणि सहा महिन्यांनी आठ किलो वाढवून परत येतात. तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण त्या हरलेल्या नसतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की अडकलेला काटा हेही काम आहे.

अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून टिकवणाऱ्यांची एक राष्ट्रीय नोंदवही चालू आहे. रीना विंग आणि जेम्स हिल या दोघांनी ती सुरू केली, आजवर दहा हजारांवर लोकांनी तिच्यात नाव घातलं. नाव घालायची अट इतकीच: किमान ३० पौंड, म्हणजे १३.६ किलो उतरवलेले हवेत आणि ते किमान वर्षभर टिकलेले हवेत. तुमचे १५ आहेत. तुम्ही जिथे ‘अडकलात’ असं म्हणता, तिथे वर्षभर राहणं हीच त्या नोंदवहीत जायची लायकी आहे. त्यातल्या लोकांवरून आणखी एक गोष्ट कळली. दोन ते पाच वर्षं वजन धरून ठेवलं की पुढे ते टिकण्याची शक्यता बरीच वाढते. धरणं पुढेपुढे सोपं होत जातं.

तरीही दहा आठवडे म्हणजे एकदा घरातली झाडाझडती घ्यायची वेळ आहे. दोन आठवडे सगळं लिहा, आणि ‘सगळं’ यात ताट मोजू नका, ताटाबाहेरचं मोजा. मुलांच्या डब्यात उरलेली अर्धी पोळी. आमटीची चव बघताना दोन वेळा घेतलेली पळी. भाजीत मुठीनं टाकलेलं शेंगदाण्याचं कूट. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात आणि आपल्याकडे कूट कुणी मोजून घालत नाही. तेलाची बाटली कढईवर तिरकी करण्याऐवजी चहाच्या चमच्यानं घाला. एका चमच्यात साधारण ४५ कॅलरी असतात. संकष्टी आणि एकादशी असेल तर साबुदाण्याची खिचडी एकदाच, दुसऱ्या वेळी वरीचे तांदूळ आणि ताक. हे सगळं ‘वाया जाऊ नये’ म्हणून खाल्लं जातं, आणि घरातल्या बाईच्या पोटाला उरलंसुरलं टाकायची जागा समजायची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. तिला स्पष्ट नकार द्या. उरलेली पोळी उद्या कुस्करा होते.

झोपेचं तुम्ही काही लिहिलं नाही, पण सकाळची शाळा आणि दोन डबे म्हणजे पावणेपाचचा गजर असणार. २०२२ मध्ये शिकागोतल्या एका अभ्यासात कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या तरुणांची झोप रोज साधारण सव्वा तासानं वाढवली. खाण्याबद्दल त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, तरी त्यांचं खाणं रोज सुमारे २७० कॅलरींनी घटलं. तुमच्या घरी सव्वा तास निघणार नाही हे मला कळतं. अर्धा तास निघतो का बघा, रात्रीची मालिका सोडून किंवा भाजी चिरून ठेवायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे देऊन.

आता नजर. हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

तुम्हाला आरशात जुनीच मी दिसते, यात तुमचं डोकं फिरलेलं नाही. मानसशास्त्रज्ञ टॉमस कॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये स्त्रियांच्या तीन गटांची तुलना केली: वजन आजही जास्त असलेल्या, कधीच जास्त नसलेल्या आणि पूर्वी जास्त असून आता उतरलेल्या. उतरलेल्यांच्या मनातली स्वतःच्या शरीराची प्रतिमा जास्त वजनवाल्यांसारखीच निघाली. हात कापला गेला तरी तो जागेवर आहे असं काही रुग्णांना वाटत राहतं, तसंच गेलेल्या चरबीचं होतं. शरीराचा नकाशा मेंदूनं वर्षानुवर्षं वापरून पक्का केलेला असतो. दाराच्या फटीतून तिरकं होऊन जायचं, बसमध्ये दोन जणांच्या सीटवर कडेला टेकायचं, खुर्चीचे हात आधी नजरेनं मापायचे. या हालचालींत तो नकाशा मुरलेला असतो.

माझ्या शेजारी एक बाई राहतात. वर्षभर त्या माझ्याकडे सल्ल्याला येत होत्या आणि त्यांचं वजन बरंच उतरलं होतं. माझ्या भाचीच्या लग्नात चुडा भरायला कासार घरी आला. सतरंजीवर पेटी उघडून बसला, बायका रांगेनं बसल्या. शेजारणीची पाळी आली तशी त्यांनी हात पुढे केला आणि सवयीनं म्हणाल्या, ‘दोन-आठ द्या.’ कासारानं त्यांचा अंगठा तळव्यात दुमडला, बोटांची पेरं एकत्र दाबली आणि मान हलवली. ‘ताई, दोन-सहा बसेल.’ ‘नाही हो, माझं माप कायम दोन-आठच.’ त्यानं वाद घातला नाही. दोन-आठची एक हिरवी बांगडी चढवली. ती अडखळलीच नाही, आणि हात खाली करताच घसरून सतरंजीवर पडली. मग त्यानं दोन-सहा घेतली. ती पेरांवर क्षणभर अडली, त्यानं अंगठ्यानं हलकंसं ढकललं, आणि मनगटावर येऊन बसली. शेजारणीनं हात कानाजवळ नेऊन हलवला, मग बराच वेळ नुसतं मनगटाकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, ‘तुमच्या काट्यावर माझा विश्वास बसला नव्हता, त्याच्या हातावर बसला.’

त्यानंतर मी आरशाबरोबर भांडत बसायचा सल्ला देणं बंद केलं. नकाशा बदलायचा तर शरीराला स्पर्शाचा पुरावा द्यावा लागतो. महिन्यातून एकदा कापडी टेपनं कंबर मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरची मर्यादा सांगतात, पण तुम्ही मागच्या महिन्याशी तुलना करा. सुती दोऱ्यानं दंडाचा घेर मोजा, दोरा कापून वहीत चिकटवा. तीन महिन्यांनी दुसरा दोरा त्याच्याशेजारी. दोन दोरे शेजारी दिसले की नजरेला हुज्जत घालता येत नाही. रिक्षात बसताना कडेला टेकू नका, मुद्दाम मागे सरकून पूर्ण बसा. आणि चौदा महिन्यांपूर्वीचे ढगळ कुर्ते काढून टाका. बायका ते ‘असू देत, पुन्हा लागतील’ म्हणून ठेवतात, आणि कपाट रोज सकाळी तुम्हाला सांगतं की तू परत जाणार आहेस. आज ७९ किलोंवर नीट बसतील असे दोन ब्लाउज शिवून घ्या. शिंप्याला मार्जिन आत ठेवायला सांगा, पण ते आजच्या मापाचे शिवा. लग्नातला ब्लाउज समोर टांगून ठेवला असेल तर तोही आत ठेवा.

ब्लाउजचा विषय निघाला म्हणून ६२ किलोंबद्दल स्पष्टच लिहिते. ९४ वरून ६२ म्हणजे ३४ टक्के घट. १९९७ मध्ये अमेरिकेत गॅरी फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी उपचाराला आलेल्या साठ स्थूल स्त्रियांना आधीच विचारून ठेवलं होतं की किती वजन उतरलं तर काय वाटेल. त्यांचं स्वप्नातलं नव्हे, ठरवलेलं लक्ष्य सरासरी ३२ टक्के घटीचं होतं. १७ किलो उतरले तर ‘निराशा होईल’ असं त्यांनी सांगितलं होतं. ४८ आठवड्यांनी सरासरी १६ किलो उतरले. उपचार म्हणून हे उत्तम यश आहे, आणि जवळजवळ निम्म्या जणी त्यांच्या स्वतःच्या मोजमापानं ‘निराशे’च्या आकड्यापर्यंतसुद्धा पोचल्या नाहीत. हे वाचलं तेव्हा मला माझ्याकडच्या किती तरी बायका आठवल्या, आणि आज तुम्ही.

चोवीस-पंचविशीतल्या शरीरानं दोन बाळंतपणं पाहिली नव्हती, ना दहा वर्षांचं जागरण. ६२ कधीच येणार नाही असं मी म्हणत नाही. काहींचं येतं. पण सध्या लक्ष्य म्हणून तो आकडा वहीतून खोडा. पुढचे तीन महिने लक्ष्य ७९, अधिक-उणे एक किलो. नंतर ७५ बघू.

आणि ‘मिळवलं काय’ याचा हिशेब. गुडघेदुखीच्या वयस्क रुग्णांवर झालेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की शरीराचा एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. तुमच्या १५ किलोंचे झाले ६०. सिमेंटचं पोतं पन्नास किलोंचं असतं. शाळेच्या जिन्यावर प्रत्येक पायरीला एक पोतं खाली ठेवलंत. साखर ६.३ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा होता, तिथून ५.७ वर आलात. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं भारतातल्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांनी खाणं सुधारलं आणि चालणं वाढवलं, तेव्हा मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि त्यांचं वजन म्हणावं तसं उतरलंच नव्हतं. काटा अडकलेला असताना चालायला जाण्याचा उपयोग काय, असं ज्यांना वाटतं त्यांना मी हा अभ्यास सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आतलं काय बदलतंय ते ना काट्याला दिसतं ना आरशाला.

आता मला माझी एक चूक सांगायची आहे, कारण तिच्यातूनच मी या विषयावर ठाम झाले. दवाखाना सुरू केला तेव्हा मी भिंतीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो लावले होते. अर्थात परवानगी घेऊन. एका ताईंचा फोटो मधोमध होता, बावीस किलो उतरवलेल्या. पुढे त्यांच्या घरी आजारपण आलं, त्यांचं येणं थांबलं. तीन वर्षांनी बाजारात भेटल्या, वजन बरंचसं परत आलेलं. मी म्हटलं, ‘या ना परत.’ त्या म्हणाल्या, ‘मॅडम, भिंतीवर मी आहे ना. त्या भिंतीसमोर मी कशी बसू?’ त्या कधीच आल्या नाहीत. त्याच संध्याकाळी मी सगळे फोटो उतरवले. ‘आधी’च्या फोटोतली बाई ही लाज वाटण्याची वस्तू आहे, असं मीच त्या भिंतीवर लिहून ठेवलं होतं. आणि वजन परत येणं ही बहुतेकांच्या वाटेत कधी ना कधी येणारी गोष्ट. ती आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे यावं, तर दारातच त्यांना लाज वाटेल अशी मी व्यवस्था केली होती.

स्वतःच्या शरीराला पाण्यात पाहून दोन-तीन महिने जोरात काम होतं, हे खरं आहे. चौदा महिने होत नाही. लिस्बनमध्ये वर्षभराच्या कार्यक्रमातल्या स्त्रियांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये आला. त्यात शरीराच्या दिसण्याची मनातली धास्ती जितकी कमी झाली, तितका खाण्यावरचा ताबा सुधारला. २०१३ चा एक अमेरिकी अभ्यास सांगतो की वजनावरून भेदभाव सोसलेली, पण तोवर स्थूल नसलेली माणसं पुढच्या चार वर्षांत स्थूल होण्याची शक्यता इतरांपेक्षा अडीच पट होती. बाहेरच्यांची हिणवणी जर वजन वाढवत असेल, तर स्वतःच स्वतःला दिवसभर हिणवल्यानं ते कसं उतरेल? शरीरावर प्रेम करा असं मी सांगत नाही. अनेकींना ते खोटं वाटतं, आणि जबरदस्तीनं आणलेलं प्रेम टिकतही नाही. मी एवढंच मागते की स्वतःबद्दल बोलताना जे शब्द वर्गातल्या एखाद्या जाड मुलीबद्दल तुम्ही कुणाला उच्चारू देणार नाही, ते स्वतःसाठीही उच्चारू नका. विशेषतः मुलांसमोर. ‘काय म्हशीसारखी दिसते मी’ हे वाक्य मुलगी ऐकते तेव्हा ती तुमच्याकडे बघत नाही, स्वतःच्या पोटाकडे बघते.

कातडीबद्दल खरं तेच सांगते. कुठलंही क्रीम, तेल, पट्टा ती घट्ट करत नाही. ती किती आवळेल हे वय, आधीचं वजन, बाळंतपणं आणि घराण्याची ठेवण यांवर असतं. वजन स्थिर राहिलं की पुढच्या वर्षभरात थोडी बसते, सगळी नाही. दंडाखाली स्नायू भरला की फरक दिसतो, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम हवा: खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणं, भिंतीला हात लावून दंड, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलणं. सोबत प्रत्येक जेवणात प्रथिनं: वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ, दही, अंडी चालत असतील तर अंडी. पोटाच्या घडीखाली घाम साचून खाज सुटत असेल तर आंघोळीनंतर सुती फडक्यानं कोरडं करा. चट्टे दिसले तर औषधांच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली मलमं स्वतःहून आणू नका. त्यानं नायटा चिघळतो, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

सासूबाई. त्यांच्या पिढीला वाळणं म्हणजे क्षय, मधुमेह किंवा सासुरवास. ‘अंगावर मूठभर मांस चढलं’ ही आपल्याकडे कौतुकाची भाषा होती. त्या ‘आजारी दिसतेस’ म्हणतात त्यात बऱ्याचदा काळजी असते, आणि थोडी भीती की ही घरचं जेवण नाकारते आहे. त्यांना रिपोर्ट दाखवा. ‘आई, साखर ६.३ होती, ५.७ झाली, डॉक्टर खूश आहेत. तुमच्या हातचं पिठलं-भाकरी मी सोडलेली नाही.’ एवढंच, दरवेळी तेच, आवाज न चढवता. मंगल कार्यालयात भेटणाऱ्या मावश्या-काकूंना एवढंही सांगायची गरज नाही. ‘तब्येत छान आहे, तुम्ही कशा आहात?’ पुरे. नवरा कौतुकानं ‘आता कशी छान दिसतेस’ म्हणाला आणि ते टोचलं, असंही अनेकींचं होतं. टोचणारच, कारण त्यात ‘आधी नव्हतीस’ दडलेलं असतं. त्यांना सांगा की दिसण्याऐवजी ‘जिने किती झटकन चढतेस’ असं काही म्हणा.

आणि उत्साह. तो परत कधी येईल याची वाट पाहू नका. चौदा महिन्यांनंतर कुणाचाच उत्साह पहिल्या महिन्यासारखा नसतो. संगीत शिकणाऱ्याचाही नाही. त्याऐवजी ‘किमान’ ठरवा. सगळ्यात वाईट दिवशी, पेपर तपासणी, मुलाला ताप, पाहुणे, तरीही होईल एवढंच. माझ्याकडे बायका साधारण असं लिहितात: दहा मिनिटं चालणं, एका जेवणात उसळ, रात्री दहाला दिवा बंद. चांगल्या दिवशी पाऊण तास चालाच, पण वहीत खूण ‘किमान’ झालं की करायची.

सणाच्या दिवशी तोल गेला, की ‘आता मोडलंच, सोमवारपासून बघू’ हा विचार चकलीपेक्षा महाग पडतो. एक चकली म्हणजे थोड्या कॅलरी, सोमवारपर्यंतचे चार दिवस म्हणजे हजारो. नियम एकच ठेवा: पुढचं जेवण नेहमीचं. उपाशी राहून भरपाई नाही, दुप्पट चालून शिक्षा नाही. दुसऱ्या दिवशी काट्यावर दीड किलो जास्त दिसेल. त्यातलं बहुतेक पाणी असतं, मिठाचं आणि साठलेल्या साखरेबरोबर धरलेलं. पाळीच्या आधीही तसंच होतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी वजन करा. त्या आकड्यावर तुमचा अख्खा दिवस ठरत असेल तर महिनाभर काटा माळ्यावर ठेवा आणि टेपवर भागवा.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आज ना उद्या कुणीतरी सुचवेल. ती औषधं खरी आहेत आणि ती घेणं म्हणजे हार नाही. मात्र त्यांतलं एक, सेमाग्लुटाइड, थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं सुमारे दोनतृतीयांश परत आल्याचं चाचणीत दिसलं आहे, म्हणून ‘सहा महिने घेऊन बघते’ या बेतानं सुरू करू नका. डॉक्टरांशी लांब पल्ल्याचं बोलणं करूनच.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं. जेवल्यावर मुद्दाम उलटी काढणं, रेचकं घेणं, पाळी दोन-तीन महिने न येणं, दिवसातला तासन्‌तास वेळ आरशात किंवा शरीर चाचपण्यात जाणं, जगायलाच नको असं वाटणं, यातलं काहीही असेल तर आहाराचा विषय बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं.

शाळेचा पुढचा फोटो कधी आहे माहीत नाही. असेल तेव्हा पहिल्या रांगेत, मुलांच्या बाजूला खुर्चीत बसा, पर्स किंवा वही पोटावर न धरता. फोटो आला की लगेच बघू नका, आठवड्यानं बघा.

तोवर थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन आणि बी-१२ या तीन तपासण्या करून घ्या. चौदा महिन्यांत झाल्या असतील तर जुने रिपोर्ट चालतील. दोन आठवड्यांची वही भरली की रिपोर्टसोबत तिचे फोटो पाठवा. टीएसएच वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड मंद असला, तर काट्याबद्दल वर लिहिलेल्या हिशेबात मला बदल करावा लागेल.